गोल दिव्यासमोर

पावडरच्या कंपनीला मुलगा हवा होता. मुलगी नको, सून तर नकोच.

"मुलीने आईला भरवलं तर त्यात बघायचं काय?" कंपनीचा माणूस म्हणाला. "ते घरोघरी चालतं. मुलगा बापाला भरवताना दिसला की माणसं थांबतात."

मीटिंगमध्ये कुणी वाद घातला नाही. बोलणं कडू असलं तरी खोटं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी ही नवी पावडर होती. दुधात किंवा सूपमध्ये कालवायची आणि चमच्याने भरवायची. तीन महिने एकाच घरातले व्हिडिओ दाखवायचे होते. पहिल्या भागात गालफडं बसलेला म्हातारा आणि शेवटच्या भागात खुर्चीत ताठ बसलेला तोच म्हातारा. नटनट्या नकोत, जाहिरातीसारखं काही दिसायला नको. खरं घर हवं, खरा मुलगा हवा आणि त्याचे व्हिडिओ आधीपासून बघणारी खरी माणसं हवीत.

असं घर शोधून देणं हे तिचं काम. कंपन्यांना व्हिडिओवाले निवडून देणाऱ्या त्या ऑफिसात तिला 'चाळण' म्हणत. हे नाव तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आकडेवाल्याने पाडलं होतं. तो म्हणायचा, "आमची चाळण एक नंबर. फक्त पंचाईत अशी की चाळणीत शेवटी वर राहतात ते खडे, आणि क्लाएंटला नेमके तेच चमकदार वाटतात."

कामाची रीत ठरलेली होती. आधी आकडेवाला त्याच्या यंत्रातून नावं गाळून द्यायचा. कुणाचे फॉलोअर्स एका रात्रीत फुगले, कुणाच्या व्हिडिओखाली चेहरा नसलेल्या खात्यांवरून 'अप्रतिम' एवढंच लिहिलेलं, ते सगळे तिथेच गळायचे. उरलेल्यांचे जुने व्हिडिओ ती पहिल्यापासून बघायची. कुठे शिवी, कुठे मारामारी, कुठे दुसऱ्या कंपनीची बाटली मागे टेबलावर. आणि सगळ्यात शेवटी ती तेच व्हिडिओ आवाज बंद करून बघायची.

ही शेवटची पायरी तिची स्वतःची. नव्या मुलांना ती कारण सांगायची ते असं: आवाज लबाड असतो. खाली सूर लावला आणि गळा दाटून आणला की कुणीही भला माणूस वाटतो. आवाज काढून टाकला की उरतो फक्त हात, डोळे आणि खोली. शिवाय अर्ध्याहून जास्त जग हे व्हिडिओ मुकेच बघतं. ऑफिसात, रांगेत, शेजारी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून. म्हणजे मुका व्हिडिओ हाच खरा व्हिडिओ.

या वेळी तिच्यापर्यंत मोजकीच नावं आली. एक व्यायामशाळेवाला होता, दंड फुगवून बापाला उचलून घेणारा. एका व्हिडिओत बापाच्या कानामागे चामखीळ होती, दुसऱ्यात नव्हती.

"चामखीळ काढली असेल," आकडेवाला म्हणाला.

"आणि कानही बदलला असेल."

"मग गेला?"

"बाप भाड्याचा आहे. दोन बाप आहेत भाड्याचे."

"श्रीमंत माणूस," तो म्हणाला आणि नाव खोडलं.

दुसरा एक बसचालक होता. तो बापाची नाही, आईची सेवा करायचा. पण मुलगा तर होता. त्याच्या खोलीत उजेड कमी, बोलणं तुटक, फॉलोअर्सही बेताचे. तरी व्हिडिओ पाहताना ती दोनदा शेवटपर्यंत थांबली होती. त्याचं नाव तिने ठेवलं.

तिसरं नाव आकडेवाल्याने स्वतः खुर्ची सरकवत आणून दाखवलं. "हे बघ. सोनं आहे सोनं. 'नाना आणि मी'. एक फॉलोअर विकतचा नाही. माणसं खाली रडतायत अक्षरशः."

पडद्यावर तिचा थोरला भाऊ तिच्या वडिलांना सूप भरवत होता.

ऑफिसचा एक नियम होता. ओळखीचं माणूस निघालं तर आधी सांगायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगू, असं तिने ठरवलं. सुट्टी झाली, संध्याकाळ झाली, ती काही बोलली नाही. दादाला हे काम मिळालं तर त्याला हवंच होतं. फर्निचरचं दुकान बंद पडल्यापासून तो घरीच होता. वहिनी मुलीला घेऊन आपल्या आईकडे गेली, ती तिकडचीच झाली. नानांना झटका आला तेव्हा उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं, आणि प्रश्न आला कुठे ठेवायचं. ती तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची, लिफ्ट नव्हती. दादाचं घर तळमजल्यावर. मग ठरवायचं काय होतं? ती महिन्याचे पैसे पाठवायची आणि व्हिडिओ बघायची. जाणं कमीच व्हायचं. व्हिडिओत नाना रोज दिसायचे, त्यामुळे भेट झाल्यासारखं वाटायचं.

नाना लिफ्ट दुरुस्त करायचे. उभ्या उभ्या जेवायचे, भराभर. घरात असले की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दिवे बंद करत जायचे. कुणी आत बसलंय का तेही बघायचे नाहीत. "फुकट जळतायत," एवढंच म्हणायचे. ती आणि दादा अंधारात बसून खिदळायचे.

दादाच्या व्हिडिओंचं यश तिने मनातल्या मनात मोजून पाहिलं होतं, धंद्याच्या नजरेने. रोज एकच वेळ. एकच कोपरा, मागे निळी भिंत. समोर गोल दिवा, त्याच्या मधोमध फोन. नानांच्या डोळ्यांत त्या दिव्याची दोन पांढरी कडी दिसायची. शेवटचा चमचा झाला की नाना डाव्या हाताचा अंगठा वर करायचे. तिथे व्हिडिओ संपायचा. लोकांना तो अंगठा फार आवडायचा.

यातलं बरंचसं त्याला तिनेच शिकवलं होतं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला होता. ती इस्त्री करत होती.

"काय गं छोटे, तुमच्या त्या कंपन्या माणसं निवडतात कशी? आम्हालाही कळू दे."

"तुला कशाला?"

"असंच. नोकरी मागायच्या आधी मालकाला काय आवडतं ते विचारावं माणसाने."

मग तिने सांगितलं. वेळ बदलू नकोस, भिंत बदलू नकोस, चेहरा जवळून घे. आणि फरक. "कंपनी पावडर विकत नाही दादा, फरक विकते. आधी असा, नंतर तसा. ज्याचा म्हातारा आधीच गुटगुटीत, त्याला कोण घेणार?"

ती हसली होती. तोही हसला होता.

आता तिने कानातली हेडफोनची बोंडं काढून ठेवली, आवाज बंद केला आणि 'नाना आणि मी' पहिल्यापासून लावलं.

जुन्या व्हिडिओंत काही वावगं नव्हतं. चमचा जवळ आला की नाना तोंड उघडत होते, कधी मान फिरवत होते. दादा वाट बघत होता, रुमालाने हनुवटी पुसत होता. त्याचा हात ओबडधोबड होता, पण घाई करत नव्हता. तिला बरं वाटलं.

मग केस कापायचा व्हिडिओ आला. तो तिने आधी आवाजासकट पाहिला होता, सगळ्या जगाने पाहिला होता. त्यात दादा म्हणतो, "बघा, नानांना काहीतरी सांगायचंय," आणि खाली मंद सूर. नाना तोंड उघडतात, मिटत नाहीत. शब्द ओठांवर आलाय आणि फुटत नाहीये असं वाटतं. त्याच व्हिडिओवर लोक सगळ्यात जास्त रडले होते.

मुक्या व्हिडिओत तसं वाटेना. दादाच्या हातात कात्री होती, कंगवा होता. चमचा कुठेच नव्हता. नानांच्या डोळ्यांत पांढरी कडी उमटली आणि तोंड उघडलं. त्यात बोलण्याची धडपड नव्हती. जीभ खाली चपटी पडलेली, हनुवटी पुढे आलेली. ते घासाची वाट बघत होते.

तिने दाढीचा व्हिडिओ लावला. डोळ्यांत कडी आली आणि तोंड उघडलं. नव्या शर्टाचा लावला. दादा बटणं लावत होता, नाना तोंड उघडून बसले होते. बटणं संपली, व्हिडिओ संपला, तोंड उघडंच.

ती पुन्हा मागे गेली. आधी चमचा दिसला की तोंड उघडायचं. पुढे दिवा लागला की. हे कधी बदललं ते शोधताना तिला घड्याळ दिसलं. नानांचं स्टीलच्या पट्ट्याचं जुनं घड्याळ. सुरुवातीच्या व्हिडिओंत ते मनगटावर होतं. नंतर ते दर आठवड्याला थोडं थोडं वर सरकत गेलं होतं. कालच्या व्हिडिओत अंगठा वर केला तेव्हा घड्याळ कोपराजवळ जाऊन थांबलं.

फरक दादाच्या त्या फोननंतरचा होता. ते तारखा न बघताही तिला कळलं.

"काय गं?" आकडेवाला म्हणाला. "भूत बघितल्यासारखी काय बसलीयस?"

"काही नाही. उद्या सुट्टी टाकतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाच्या घरी गेली, तेव्हा त्याने दार उघडलं आणि आधी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "अरे वा, साहेबीण! वाट चुकलीस की काय?"

"नानांना बघायला आले."

"रोज बघतेस की."

खोलीत निळी भिंत व्हिडिओतल्यापेक्षा लहान होती. कोपऱ्यापुरतीच रंगवलेली, बाकी खोलीचा रंग उडालेला. गोल दिवा बंद होता. नाना उशीला टेकून पडले होते. चादरीखाली अंग आहे की नाही असं वाटावं, इतकी चादर सपाट. तिने दुधात पाव कुस्करला, साखर घातली, वाटी घेऊन शेजारी बसली.

"नाना, मी आलेय. घ्या."

नानांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं असावं, कारण डोळा पाणावला. पण ओठ मिटलेलेच. तिने चमचा ओठांना लावला. दूध गालावरून मानेत गेलं. तिने पुन्हा लावला. नाना तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, बंद दिव्याकडे.

"तसं नाही खात ते," दादा दारातून म्हणाला.

"मग कसं खातात?"

तो पुढे झाला, बटण दाबलं, फोन मध्ये अडकवला. खोली पांढरी झाली. नानांचं तोंड उघडलं, चिमणीच्या पिल्लासारखं, आणि उघडंच राहिलं.

वाटी तिच्या हातून त्याने घेतली. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला तो चमच्याचा आवाज ऐकू येत होता. चमचा वाटीच्या कडेला लागत होता, भराभर. नाना भराभर खात होते, पूर्वीसारखे.

तो वाटी धुवायला आत आला तेव्हा तिने विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा."

त्याने नळ सोडला. "आधी खातच नव्हते. थुंकायचे. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल नाकातून. एकदा व्हिडिओसाठी दिवा लावला तर खाल्लं सगळं. मी म्हटलं, चला, देव पावला. दिवा लावून तर दिवा लावून. माझं काय जातंय?"

"दिवसातून किती वेळा लावतोस?"

"सकाळी खिडकीतून ऊन येतं, चेहरा नीट येत नाही. दुपारी खाली पोरं ओरडत असतात. संध्याकाळी बरं पडतं."

"म्हणजे एकदा."

"दूध देतो की अधूनमधून. तोंडात घालतो बाटलीने. जेवढं जाईल तेवढं."

"दुपारीही लावता येतो दिवा. फोनशिवाय लावता येतो."

"येतो." तो वाटी घासत राहिला. वाटी केव्हाच स्वच्छ झाली होती. "पण मग अंगाला लागेल."

नळाचं पाणी चालू होतं.

"तूच म्हणालीस ना," तो म्हणाला, आवाज न चढवता. "फरक दिसायला हवा. आता मी त्यांना खाऊपिऊ घालून टुणटुणीत केलं आणि मग तुझी कंपनी आली, तर दाखवू काय? थोडे दिवस कळ काढली की झालं. एकदा घेतलं ना मला, की मग भरवणारच आहे. तीन महिने दुसरं काम तरी काय? पोटभर भरवायचं आणि दाखवायचं. त्यांचंही भलं, माझंही."

"ते मरतील तोवर."

"असं बोलू नये. मी रात्री उठून बघतो त्यांचा श्वास. तू बघतेस?"

ती म्हणाली, "मी घेऊन जाते त्यांना."

"कुठे? तिसऱ्या मजल्यावर? आणि दिवसभर बघणार कोण, तुझी इस्त्री? आणि आत्ताच न्यायचंय, निकालाच्या तोंडावर?" तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "शेवटच्यांत आहे ना मी? तुमच्या ऑफिसातून फोन आला होता. कुणी पोरगा होता, फॉलोअर्सचं विचारत होता. मी तुझं नाव नाही घेतलं हां. म्हटलं, तुझी नोकरी आहे, उगाच बालंट नको."

निघताना ती नानांजवळ गेली. दिवा बंद होता, नानांचे डोळे मिटले होते. दुधाचा ओघळ कुणीतरी नीट पुसलेला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्यावर ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडमनी ही संस्था एका टेबलापासून उभी केली होती. माणसं ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःही सांगायच्या.

"तो 'नाना आणि मी'वाला माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "आणि हे आज सांगतेस?"

"चुकलं माझं."

"चुकलं ते आहेच, त्याचं नंतर बघू. पण भाऊ आहे तर बरंच आहे गं. हातचा माणूस. पैशांत ओढाताण करणार नाही, वेळेवर देईल."

"नको, मॅडम. तो नानांना उपाशी ठेवतो. एकदाच भरवतो, कॅमेऱ्यासमोर. कंपनीला बारीक माणूस हवाय म्हणून."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग विचारलं, "दिसतं का ते?"

"काय?"

"व्हिडिओत. बघणाऱ्याला कळतं का?"

"आवाज बंद केला तर कळतं."

"आवाज बंद करून कोण बघतंय?"

"सगळेच," ती म्हणाली.

ते मॅडमना पटलं. तिने संगणक पुढे ओढला आणि केस कापायचा व्हिडिओ मुका लावून दाखवला. मॅडमनी एकदा पाहिला, पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा मध्येच थांबवला.

"बाप रे," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "उद्या एखाद्या रिकामटेकड्याने हे हेरून पुढे टाकलं तर आपलं नाव, कंपनीचं नाव, सगळं चव्हाट्यावर. खोड. आत्ता खोड." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "वाचलो म्हणायचं. यादीत त्याच्या मागे कोण आहे?"

"बसचालक. आईवाला."

"आई म्हणजे बाईच, पण मुलगा आहे, चालेल. तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. गाल भरलेत थोडे."

"हं." मॅडमनी विचार केला. "त्याला कळव, निवड झाली. आणि म्हणावं, पहिला भाग शूट होईस्तोवर आईचं खाणं वाढवू नका. आहे तेवढंच ठेवा. जमलं तर कमीच."

ती उभीच राहिली. मॅडमना क्षणभर कळेना ती का थांबली आहे.

"हे मी नाही सांगणार."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, राग न आणता. "आकडेवाल्याला सांगते."

बाहेर येऊन तिने जिन्यातून दादाला फोन केला. "नाही झालं, दादा."

"का?"

"मी नको म्हटलं."

मग तो म्हणाला, "आपल्याच घरात चाळण लावलीस."

"हो."

"मग ने त्यांना. आजच ने. दिवाही घेऊन जा, मला काय त्यात तोंड बघायचंय?"

संध्याकाळी नानांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. खालच्या मजल्यावरचे दोघे मदतीला आले. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांच्या पोटात शिरलेला माणूस खांद्यांवर चाललेला होता. प्रत्येक वळणावर त्याचा डावा हात कठडा शोधत होता.

"आजोबा तर पिसासारखे आहेत," पुढचा माणूस म्हणाला. त्याला कौतुक करायचं होतं. "वजनच नाही हो."

दादा दिव्याचा स्टँड घेऊन मागून आला. तो दाराशी ठेवला, नानांची औषधं कुठली, कशानंतर, ते तुटक शब्दांत सांगितलं आणि पाणीही न पिता उतरला. तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तिने पलंग भिंतीला लावला. पडदे जाड होते, ते ओढले. दुधात पाव कुस्करला. आधी दिवा न लावता प्रयत्न केला. उद्यापासून हे शिकवायचं, हळूहळू मोडायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण नानांनी ओठ मिटून घेतले. मग तिने खोलीतला दिवा घालवून गोल दिवा लावला. फोन लावला नाही. नानांची नजर दिव्याच्या मधल्या रिकाम्या जागेवर गेली, तिथेच राहिली. तोंड उघडलं नाही.

तिने फोन मध्ये अडकवला. काही टिपायचं नव्हतं, नुसता अडकवला.

तोंड उघडलं.

नानांनी सगळं खाल्लं. तिने आणखी थोडं कालवलं, तेही खाल्लं. मधेच फोन थरथरला. आकडेवाल्याचा संदेश होता: ड्रायव्हर विचारतोय, कमी म्हणजे किती कमी? तो पडद्यावर उजळला आणि विझला. तिने चमचा भरला.

वाटी रिकामी झाली. नानांनी डावा अंगठा वर केला.

"छान, नाना," ती म्हणाली.

अंगठा तसाच.

"झालं. संपलं सगळं."

तिने त्यांचा हात धरून चादरीवर ठेवला. तो पुन्हा वर आला. दंड कापत होता, घड्याळ कोपरावर आपटत होतं, पण अंगठा दिव्याकडे धरलेला. नाना फोनकडे बघत होते. आता पुढचं काहीतरी व्हायचं बाकी होतं आणि ते झाल्याशिवाय त्यांना थांबता येत नव्हतं. तिने हे सगळे व्हिडिओ पाहिले होते, आवाजासकट आणि मुके. प्रत्येक व्हिडिओ अंगठ्यावर संपत होता. त्याच्या पुढे काय होतं ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

तिने फोन काढून दादाला लावला. नानांची नजर फोनबरोबर तिच्या कानाशी आली.

"अंगठा वर केलाय," ती म्हणाली. "खाली घेत नाहीयेत. तू काय म्हणतोस त्या वेळी?"

त्याच्या मागे रस्त्याचा आवाज होता. तो अजून घरी पोचला नव्हता.

"सगळं खाल्लं?"

"सगळं. दोनदा."

"पाव जास्त भिजवत जा. टाळूला चिकटतो त्यांच्या."

"बरं. तू काय म्हणतोस, सांग ना."

"काही म्हणत नाही," दादा म्हणाला. "दिवा बंद करतो."

तिने हात लांब करून बटण दाबलं. खोलीत गडद काळोख झाला. अंगठा खाली आला की नाही ते दिसेना. तिला चाचपडून नानांचा हात शोधावा लागला.